मामांची पद्मिनी, मचूळ पाणी आणि प्रायमरचा घोळ

मामांची पद्मिनी १९७९ची. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला १९८१ला, म्हणजे ही त्याच्याही आधीची, कागदावर अजून रत्नागिरीच आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, १०८९ सीसी इंजिन, गिअरचा दांडा स्टेअरिंगला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ला रस्त्यावरून गेली तेव्हा मामांना दहा जणांनी फोटो पाठवले आणि मामांचं सगळ्यांना एकच उत्तर, "माझी आसा हंय." आसा म्हणजे मांगरात आसा. मालवण तालुक्यात खाडीला लागून घर, मागे चिऱ्याचा कौलारू मांगर, आणि मांगरातून खाडी एवढी जवळ की भरतीला पाण्याचा आवाज येतो.

मी पेंटर नाही. कुडाळच्या बाजूला माझं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, गेट, ग्रिल, शेड असली कामं. त्यामुळे गंज कसा येतो ते रोज बघतो, पण गाडीच्या पत्र्यावर पहिला हात, म्हणजे प्रायमर, कशाचा मारायचा हा प्रश्न मामांच्या गाडीने पडेपर्यंत डोक्यात नव्हता.

पहिला राउंड माझ्या माघारी झाला. एप्रिलमध्ये मामांनी एका पेंटरला काम दिलं, त्याने रिमूव्हर लावून जुना रंग काढला, ग्राइंडरला वायर ब्रश लावून गंज घासला, विहिरीच्या पाण्याने गाडी धुतली, उन्हात वाळवली आणि डायरेक्ट पत्र्यावर एनसी सर्फेसरचे, म्हणजे रंगाखालच्या भरणीच्या थराचे, दोन हात मारून दिले. गाडी मस्त करडी दिसायला लागली, मामा खूश. मग पेंटरला लग्नसराईच्या गाड्या आल्या, मग मृग लागला, आणि पद्मिनी तशीच सर्फेसरवर चार महिने मांगरात. कौलांतून पाणी गळत नव्हतं हो, पण हवा तर येणारच.

गणपतीला गेलो तेव्हा मामांनी ताडपत्री ओढली. बॉनेट ठीक, टप ठीक. दरवाजांचा खालचा चौथा हिस्सा, मागच्या मडगार्डच्या कमानी आणि डिकीच्या झाकणाचा खालचा काठ मात्र फोडांनी भरलेला. साबुदाण्याएवढे फोड. एक नखाने फोडला तर आत पाण्याचा थेंब, अगदी ओला, आणि त्याखाली काळपट खड्डा.

पेंटरला बोलावलं तर तो म्हणाला, "तीस वर्सां ह्याच करतंय मी, दमट हवेन झाला." त्याचं अर्धं बरोबर होतं. सर्फेसर हे पत्रा राखायचं औषधच नाही. त्याचं काम बारीक ओरखडे भरणं आणि पेपरखाली पटकन घासलं जाणं, त्यासाठी त्यात टाल्कसारखी भुकटी ठासून भरलेली असते, म्हणून तो पाणी पितो. पण मग बॉनेट का वाचलं? तोच डबा, तोच दिवस, तोच मांगर. सगळा दोष सर्फेसरचा असता तर फोड सगळीकडे आले असते. हा प्रश्न मी सोडला नाही, आणि पुढचं सगळं यातूनच निघालं.

मामेबहीण ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा तिच्याकडे सिल्व्हर नायट्रेटची छोटी बाटली होती. क्लोराइड म्हणजे मीठ असलं की त्यात पांढरा साका येतो, शाळेत आपण सगळ्यांनीच केलंय. सर्फेसर काढलेल्या पत्र्यावर बॅटरीच्या पाण्यात, म्हणजे डिस्टिल्ड पाण्यात, भिजवलेला कापूस घासायचा, टेस्ट ट्यूबमध्ये पिळायचा, वर दोन थेंब टाकायचे. बॉनेटचं पाणी जवळजवळ नितळ राहिलं. दरवाजाच्या खालच्या काठाचं पाणी दुधाळ झालं, म्हणजे पाणी घातलेल्या ताकासारखं. मामा टेस्ट ट्यूब उजेडात धरून बराच वेळ बघत बसले.

मला वाटलं, खाडीच्या वाऱ्याने चाळीस वर्षं मीठ बसलंय, संपला विषय. विहिरीचं पाणी पण तपासलं, ते बरं निघालं. तेव्हा मामी आतून म्हणाली, "आता काय तपासतास, मे म्हयन्यात त्या पाण्याची चाय पिऊन बघा." आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ही विहीर पावसाळ्यानंतर गोडी असते, पण उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की खाडीचं पाणी आत सरकतं आणि विहीर मचूळ होते, मामी मे महिन्यात चहाला नळाचंच पाणी घेते. पेंटरने गाडी धुतली ती एप्रिलच्या शेवटी. पुढच्या मेमध्ये परत तपासलं तर त्याच विहिरीचं पाणी ट्यूबमध्ये पांढरंफट्ट. म्हणजे झालं असं की वायर ब्रशने गंजाचे टेंगूळ वरून चकचकीत केले, खड्ड्यातलं जुनं मीठ तिथंच राहिलं, त्यावर मचूळ पाण्याने आंघोळ घातली, ते पाणी ओघळून खालच्या काठांवर वाळलं आणि त्यावर स्पंजासारखा सर्फेसर मारून झाकण लावलं. रंगाखालचं मीठ रंगातून पाणी ओढून घेतं आणि फोड येतो तो असा.

यात एक गोष्ट मला तोवर माहीत नव्हती. साधं खाण्याचं मीठ हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की पाझरायला लागतं, पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड पण असतं आणि ते ३३ टक्क्यांपासूनच पाणी धरतं. म्हणजे आमच्याकडे जानेवारीच्या भर दुपारी, अंगावर घाम नाही, हवा कोरडी वाटतेय, तेव्हासुद्धा त्या खड्ड्यातलं मीठ ओलंच. उगाच नाही आयएसओ १२९४४ मध्ये, म्हणजे लोखंडाच्या रंगकामाच्या आंतरराष्ट्रीय मानकात, खाऱ्या किनाऱ्याला सी५ या फार गंजणाऱ्या वर्गात टाकलंय, पुण्यातल्या गॅरेजचा सल्ला इथं जसाच्या तसा चालत नाही.

त्या हिवाळ्यात आम्ही फक्त पत्र्याचं काम केलं. फ्लोअरचे दोन तुकडे, दोन्ही बाजूच्या दरवाजाखालच्या पेट्या, उजव्या मडगार्डचा खालचा भाग. पद्मिनीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हीच चॅसी, त्यामुळे खालच्या पेट्या कुजल्या की नुसती गाडी कुरूप दिसते असं नाही, ती वाकते. आणि या काळात प्रायमरवरून घरात भांडणं.

मामांचं म्हणणं, "अरे, तू गेटाक मारतस तोच तांबडो मार, काय जाता त्याका?" आता रेड ऑक्साइडची चेष्टा करणं सोपं आहे पण माझं पोट त्याच्यावर चालतं. एक डबा, हार्डनर नाही, ब्रशने लागतो, थोड्या गंजावर पण धरून राहतो, दोन वर्षांनी परत मारता येतो. गाडीच्या बाबतीत अडचण वेगळी. तो मऊ असतो, आणि वर टूके (घट्ट व्हायला हार्डनर कालवायचा) सर्फेसर किंवा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) रंग मारला की त्यातला जोरकस थिनर खालच्या तांबड्याला उचलतो, सुरकुत्या येतात, दुधावरच्या सायीसारख्या. ज्या गाडीला परत परत ब्रश मारायचाय तिला चालेल, ज्या गाडीला वर चांगला रंग द्यायचाय तिला नाही.

पेंटरचं म्हणणं एच (etch) प्रायमर. त्यात फॉस्फोरिक ॲसिड असतं, पत्र्याला बारीक चावतं आणि घट्ट धरतं, ॲल्युमिनियम आणि जस्ताच्या पत्र्यावर तर त्याला तोड नाही. पण थर फक्त १० मायक्रॉनच्या आसपास, माणसाच्या केसाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढा, तो पाणी अडवणार काय? त्यावर लगेच दुसरा थर हवाच, आणि तो बहुतेक इपॉक्सीचा चालत नाही, कारण राहिलेलं ॲसिड इपॉक्सीच्या हार्डनरशी भांडतं. तसंच लांबी (खड्डे भरायची पुट्टी) पण त्यावर थेट भरायची नाही. आमच्यासारख्या कामात, जिथं एक पॅनेल झालं की पुढचं पंधरा दिवसांनी, तिथं हे घाईचं औषध गैरसोयीचं.

मावसभाऊ ट्रॉलरवाला. तो म्हणे झिंक मारा, आम्ही मारतो. झिंकचं तत्त्व छान आहे, जस्त स्वतः झिजतं आणि लोखंड वाचवतं, पण त्यासाठी जस्ताचा कण पत्र्याला थेट टेकला पाहिजे, पत्रा वाळूच्या माऱ्याने ब्लास्ट करून खडबडीत केलेला पाहिजे. पद्मिनीचा बाहेरचा पत्रा ब्लास्टिंगखाली ताटासारखा वाकेल, हे मी पैज लावून सांगतो. म्हणून झिंक आम्ही फक्त एका ठिकाणी वापरलं, जिथं दोन पत्रे एकमेकांवर ठेवून टाके मारायचे होते तिथं आत वेल्ड-थ्रू प्रायमर (वरून वेल्डिंग चालतं असा झिंकचा), कारण तिथं नंतर स्प्रे गन पोचत नाही.

राहिला टूके इपॉक्सी. हा गंजाशी काही करत नाही, नुसता पाणी आणि हवा अडवतो, पण ते काम जबरदस्त करतो. पत्र्याला धरतो, वर लांबी चालते, वर सर्फेसर चालतो, थिनरने उठत नाही. तोटे पण आहेत, उन्हात उघडा ठेवला की पावडर सुटते, घासायला चिवट, आणि एकदा कालवला की घड्याळ सुरू.

कागदावर इपॉक्सी जिंकला होता, पण मला कागदावर भरवसा नव्हता. उजव्या मडगार्डचा कापून काढलेला गंजका तुकडा होताच. त्याचे सहा तुकडे केले. चार नुसते वायर ब्रशने घासले, न धुता, आणि एकेकावर रेड ऑक्साइड, सर्फेसर, एच प्रायमर आणि इपॉक्सी. बाकी दोन नीट धुऊन, मीठ काढून, एकावर इपॉक्सी, एकावर रेड ऑक्साइड. प्रत्येकावर ब्लेडने पत्र्यापर्यंत एक तिरकी चीर मारली आणि खाडीकाठच्या माडाला तारेने टांगले, जूनच्या पहिल्या आठवड्यात.

गणपतीत उतरवले. नुसत्या एच प्रायमरचा तुकडा जुलैतच तपकिरी झालेला, त्याबद्दल काय बोलायचं. सर्फेसरचा हातात भुगा. पण खरा धक्का इपॉक्सीच्या दोन तुकड्यांनी दिला. धुतलेल्या तुकड्यावर गंज फक्त चिरेत, आजूबाजूला नख घालूनही रंग निघेना. न धुतलेल्यावर तोच इपॉक्सी, त्याच दिवशी त्याच डब्यातला, आणि फोडच फोड, वर चिरेपासून बोटभर आत गंज सरकलेला. आणि धुतलेला रेड ऑक्साइड? तो न धुतलेल्या इपॉक्सीपेक्षा बरा होता! मामा म्हणाले, "बघ, माझो तांबडो." एकेकच तुकडा होता, याला प्रयोगशाळा म्हणत नाही मी, पण सहा हजारांच्या डब्याआधी पाणी बघायचं हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

मग खरं काम, डिसेंबर-जानेवारीत. पहिला नियम, सगळी गाडी एकदम उघडी करायची नाही. एक पॅनेल सोलायचं, धुवायचं, बंद करायचं, मग पुढचं. डावा पुढचा दरवाजा पहिला घेतला. रंग काढला, ८० नंबरच्या पेपरने पत्रा पांढरा केला, खड्ड्यांत छोट्या फ्लॅप डिस्कने. मग नळाचं पाणी गरम करून त्याने ब्रशने घासून धुतला, शेवटचं पाणी बॅटरीचं, स्प्रेच्या बाटलीतून, पेट्रोल पंपावरून कॅन आणलेले. आणि मग मुद्दाम काही न लावता रात्रभर मांगरात ठेवला. पेंटर म्हणाला डोकं फिरलंय. सकाळी सातला बघितला तर पत्रा बाकी कोरडा, आणि खालच्या पट्ट्यात तीळ सांडल्यासारखे काळे ओले ठिपके. तेच मीठ. जिथं मीठ राहिलंय तो खड्डा रात्रीच्या दमटात सगळ्यात आधी पाणी धरतो आणि काळा पडतो, तो आपणहून पत्ता सांगतो. त्या ठिपक्यांना खडूने गोल केले, परत डिस्क, परत पाणी, परत रात्र. तिसऱ्या रात्रीनंतर पूर्ण पत्र्यावर सारखी फिकट पिवळी झाक आली, काळा ठिपका एकही नाही. ती झाक पेपरने उडवायला दहा मिनिटं.

दुसरं म्हणजे वेळ. हवेतला दमटपणा मोजायचं एक स्वस्तातलं हायग्रोमीटर मांगरात टांगलेलं होतं. सकाळी आठला २२ डिग्री आणि ९२ टक्के, म्हणजे दव पडायचा बिंदू २०.६, आणि रात्रभर गार झालेला पत्रा त्याच्याही खाली, हात फिरवला तर ओलाच. दुपारी बाराला ३१ डिग्री, ४८ टक्के, दवबिंदू १८.७. पत्रा दवबिंदूपेक्षा किमान ३ डिग्री गरम हवा असा नियम आहे, तो इथं आरामात पाळला जातो. मे महिन्यात ३३ डिग्री आणि ७५ टक्के असलं की दवबिंदू २८ होतो, सावलीतला पत्रा ३० चा, मग काय उरलं? म्हणून आमचं ठरलं, गन चालवायची ती अकरा ते तीनच्या मध्ये, चार वाजले की डबा बंद, कारण नाहीतर संध्याकाळच्या दमटाने ओल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो.

कॉम्प्रेसरचं पण असंच. आमच्या हवेत टाकीच्या तळाशी वाटीभर पाणी रोज निघतं, खालचा नळ सोडून आधी ते काढायचं, लाइनला वॉटर ट्रॅप. पेंटरची गन पहिल्या दिवशी थुंकली ती याच पाण्याने.

डबा चारास एक हार्डनर, कालवून वीस मिनिटं ठेवला, मग काठांवर, शिवणींवर आणि दरवाजाच्या दुमडीवर ब्रशने आधी एक हात. हे मी शेडच्या कामातून उचललं, धारेवर रंग पातळ होतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. मग गनने दोन हात, मध्ये अर्धा तास. एका ठेकेदाराकडून मायक्रॉन मोजायचं मशीन मागून आणलं होतं, सपाट भागात ६० ते ७०, काठावर ब्रशमुळे ५५. ब्रश न मारलेल्या डिकीच्या काठाला नंतर लावलं तर २५, ते परत केलं.

एक गोष्ट हुकली. फ्लोअरवर पेंटरने मला न विचारता रस्ट कन्व्हर्टर (गंजावर मारायचं ॲसिडचं औषध) मारला होता, तो पूर्ण धुवायला हवा होता, मी वरवर पुसला. दहा दिवसांनी ब्लेडने चौकड्या पाडून टेप लावून ओढला तर बोटाएवढा इपॉक्सी टेपसकट हातात. ॲसिडची वाळलेली साय खाली राहिली की असंच. तो सगळा भाग परत सोलला, दोन रविवार गेले.

लांबी इपॉक्सीच्या वर भरली, १८० ने खरवडून, कारण डब्याच्या कागदावर सात दिवसांपर्यंत न खरवडता चालतं असं होतं आणि आम्हाला नेहमीच आठवड्यापेक्षा जास्त दिवस लागायचे. पेंटरला लांबीवर वॉटर पेपर मारायची सवय, इथं मात्र मी हात धरला, सगळं कोरडं घासलं. धूळ खाल्ली, पण लांबीला पाणी पाजलं नाही. पेंटर तोंडाला पंचा बांधून गन मारायचा, त्याला कार्ट्रिजचा मास्क आणून दिला, दोन दिवस घातला, तिसऱ्या दिवशी परत पंचा. वरचा रंग पीयूचा होता, त्याचा हार्डनर फुफ्फुसाला कायमचा त्रास देतो हे सांगितल्यावर मग घातला.

गाडी आता मामांना हवी होती तशी फिकट निळी आहे. एक पावसाळा मांगरात काढला. दोन आठवड्यांपूर्वी बघून आलो, दरवाजे, कमानी, डिकी सगळं स्वच्छ, फक्त उजव्या मागच्या दरवाजाच्या खालच्या कोपऱ्यात तुरीच्या डाळीएवढा एक फोड. तिथं पाणी निघायचं भोक आहे आणि ते लांबीने बुजलंय हे टॉर्च मारल्यावर दिसलं, आत पाणी साठत होतं. भोक मोकळं केलं, फोड जानेवारीत उघडायचा ठरलाय. निघताना बघितलं तर मामा बादली घेऊन विहिरीवर, गाडी धुवायला. मामीने मागून हाक मारून नळाचा पाइप दाखवला.